वेन चिंगचा अर्धा गुण

आल्मेरे,
२६ जून

प्रिय नीळकंठ सर,

सप्रेम नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण गुडघे परवानगी देत नाहीत. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, हिरवी पट्टी लावलेला फोटोही पाहिला. दुसऱ्या डोळ्याचं काय ठरलं ते कळवा. वहिनींची साखर काबूत असेल अशी आशा करतो (आणि तुम्ही त्यांच्यासमोर बसून जिलबी खाणं सोडलं असेल अशीही). इकडे सगळं ठीक. जावईबापू रोज ट्रेनने अॅमस्टरडॅमला जातात, संपदा घरूनच काम करते, आणि नऊ वर्षांची आर्या मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देऊन खेळायला निघून जाते. माझा तीन महिन्यांचा व्हिसा संपत आला. पुढच्या आठवड्यात मिरजेत असेन.

आठवडाभर थांबून हे तोंडी सांगता आलं असतं. पण तोंडी सांगताना मी स्वतःच्या बाजूने सांगतो, हे तुम्ही स्टाफरूममध्ये तीस वर्षं पाहिलं आहे. तर सर, माझ्या हातून एका बाईचं एक वर्ष वाया गेलं. संपदा म्हणते, ‘बाबा, उगाच मनाला लावून घेऊ नका.’ तुम्ही तसं म्हणणार नाही याची खात्री आहे, म्हणून तुम्हाला लिहितोय.

बाईचं नाव वेन चिंग. आमच्या शेजारच्याच घरात राहते. चीनमध्ये छंगडूच्या एका दवाखान्यात दहा वर्षं औषध विभाग सांभाळला, मग नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि चार वर्षं घरी बसून आहे. इथल्या विद्यापीठात दोन वर्षं शिकून तिला पुन्हा कामाला लागायचंय. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. बोलणं, लिहिणं, ऐकणं यांत ती पार झाली होती. वाचनात नऊपैकी साडेसहा गुण हवे होते, मार्चमध्ये मिळाले सहा. हे तिने मला एप्रिलमध्ये सायकलींच्या शेडपाशी सांगितलं, आणि मी ताबडतोब म्हणालो की मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. (मला कोणी विचारलं नव्हतं.) ती किंचित वाकली आणि म्हणाली, “लाओशी.” म्हणजे गुरुजी. सर, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता मला बँकेत ‘काका, जरा सरका’ म्हणतात. तो एक शब्द ऐकला आणि माझा तोल गेला.

रोज सकाळी दहाला तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. सगळ्या घरभर चिठ्ठ्या. फ्रिजवर ‘अबंडंट’, भाताच्या कुकरवर ‘रिलायेबल’, आरशावर ‘डिक्लाइन’ (तो शब्द मला तिथे फारसा आवडला नाही). पहिले दोन आठवडे माझा एक मोठाच गैरसमज झाला. ती इंग्रजीत सांगे की ‘शी’ फार घोरते, ‘शी’ सकाळी नळाशी दाढी करते, ‘शी’ला माझा अभ्यास आवडत नाही. घरात सासू असावी आणि तिला काहीतरी आजार असावा असं समजून मी हळू आवाजात शिकवत होतो. एके दिवशी वरून नवरा उतरला आणि ती त्याच्याकडे बोट दाखवून ‘शी’ म्हणाली, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच आहे. मी त्या गृहस्थाला दोन आठवडे उगाच ‘आईंना बरं वाटतंय का’ असं विचारत होतो. तोही सभ्यपणे ‘हो’ म्हणत होता.

आता चूक सांगतो. उतारा वाचताना वेन चिंग अडलेला शब्द सोडून पुढे जायची. मी विचारलं, अर्थ न कळता पुढे कशी गेलीस? तिने कागदावर एक चिनी अक्षर काढून दाखवलं. डावीकडे तीन थेंब असले की अक्षराचा पाण्याशी संबंध, म्हणून अक्षर ओळखीचं नसलं तरी ती अंदाज बांधते, पुढचं वाक्य तो बरोबर की चूक ते सांगतं. लहानपणापासून अशीच वाचत आली, इंग्रजीही तशीच वाचते. मी म्हणालो, याला आमच्याकडे अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात. हे बंद. अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात बघायचा, वहीत लिहायचा, पाच वेळा घोकायचा आणि मगच पुढची ओळ. तिने तो कागद बाजूला सारला. मग म्हणाली, “ओके, लाओशी.” आणि सर, तिने अक्षरशः तसंच केलं. पाच आठवड्यांत तीन वह्या भरल्या. असा विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी घरी येऊन संपदाला सांगत असे की चिनी लोक पुढे का गेले ते मला आता कळलं.

दुसरं म्हणजे त्या परीक्षेत एक विचित्र प्रकार आहे. विधान बरोबर की चूक ते सांगायचं, किंवा उताऱ्यात त्याबद्दल काही ‘दिलेलं नाही’ असं म्हणायचं. मला हा तिसरा पर्याय पळपुटेपणाचा वाटला. गोष्ट एकतर खरी असते नाहीतर खोटी, मास्तरांनी तिसरी वाट ठेवावी कशाला? मी तिला सांगितलं, तुला माहीत आहे ते लिही, घाबरू नकोस.

मेच्या मध्यावर ती परीक्षेला गेली. तीन उताऱ्यांना मिळून एक तास. डोक्यात शब्दकोश उघडत, एकेका शब्दाशी थांबत, तिचे दोनच उतारे झाले. त्यातला एक नेमका औषधांवर होता. औषधांचं तिला सगळंच माहीत, त्यामुळे तिने ‘दिलेलं नाही’ असं एकदाही लिहिलं नाही. वाचनात साडेपाच. माझ्या आधी सहा होते, माझ्यानंतर साडेपाच. एक जूनपर्यंत विद्यापीठाला गुण कळवायचे होते, ती तारीख निघून गेली. आता प्रवेश पुढच्या वर्षी.

निकालाच्या दिवशी ती घरी आली. हातात डबा, त्यात वाफवलेल्या करंज्यांसारखं काहीतरी, माझ्यासाठी मुद्दाम बिनमांसाचं. म्हणाली, “लाओशी, तुम्हाला फार कष्ट झाले.” त्यांच्याकडे आभार असेच मानतात म्हणे. मी डबा टेबलावर ठेवला. मी विचारलं, “माझी पद्धत तुला अडचणीची होतेय, हे तुला कळत होतं का?”

“दुसऱ्या आठवड्यात कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “तुम्ही इतक्या आनंदाने यायचा.”

त्या दुपारी मी तिच्याकडून सरावाची एक प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि आर्याच्या खोलीत बसून घड्याळ लावून सोडवली. चाळीसपैकी माझे साडेएकोणीस प्रश्न झाले. (विसावा अर्धा लिहिला होता.) त्यातले अकरा बरोबर. हा आकडा घरात कोणाला माहीत नाही, तुमच्याही डोळ्यांतच राहू दे. दोन्ही डोळ्यांत.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन मी वह्या बंद करायला लावल्या. म्हणालो, तू तुझ्या पद्धतीने वाच, मी फक्त घड्याळ धरतो. तीन आठवडे मी तेवढंच केलं, आणि चहा प्यायलो. अंदाज चुकला की ती स्वतःच हसून मागे जायची. मग तिने पुन्हा परीक्षा दिली. परवा निकाल लागला, वाचनात सात. तिने उड्या वगैरे मारल्या नाहीत. कागद घडी करून कपाटात ठेवला, कारण दाखवायचा कुठे? तो पुढच्या वर्षी लागणार. तोपर्यंत ती एका गोदामात खोकी भरायच्या कामाला जाणार आहे. सोमवारपासून.

वहिनींना नमस्कार.

आपला,
श्यामकांत

ता. क. तुमच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात २००४ सालच्या नववीतली स्वप्नाली कोष्टी आहे का बघा. नसेल तर तिचा नंबर मिळवा. तिने एकदा वर्गात ‘रिलक्टंट’चा अर्थ बरोबर सांगितला होता. मी विचारलं, कोणी सांगितला? ती म्हणाली, कोणी नाही सर, वाक्यावरूनच कळतंय. मला तो उद्धटपणा वाटला. सहामाहीपर्यंत माझ्या प्रत्येक तासाला मी तिला उभं ठेवलं. पुढच्या वर्षी तिने शाळा बदलली. तुम्ही तिचे वर्गशिक्षक होता, तेव्हा एकदा माझ्याशी बोलायला आला होता आणि मी विषय बदलला होता. मला तिची माफी मागायची आहे.

ता. क. २. पत्र लिहायला बसलो तेव्हा ते वेन चिंगबद्दल आहे असंच मला वाटत होतं. स्वप्नाली फोन न करता तुमच्या घरीच आली, तर माझं नाव काढण्याआधी तिला बसायला खुर्ची द्या.