यांनीही चांगला खेळ केला

प्रिय पंच,

दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. हल्ली हातानं लिहिलेलं पाकीट दिसलं की माणसं आधी तेच विचारतात, म्हणून सांगून टाकते. इथे सगळे ठणठणीत आहेत, संपादकांचा रक्तदाब सोडला तर.

पाल्हाळ लावलं की तू ओळी कापायचास, म्हणून आधी मुद्दा. तुमच्या पेपरच्या क्रीडा पानावर तुझं नाव दिसून दोन महिने होत आले. तुमचा अंक आमच्याकडे एक दिवस शिळा येतो. शिपाईमामा तो न मागता माझ्या टेबलावर ठेवून जातात. मी तो मागून उघडते, तुझं नाव शोधते, बातमीत एखादी तरी चूक काढते, मनातल्या मनात तुला दोन शब्द सुनावते आणि मग कामाला लागते. आपलं ऑफिस सोडून तू त्या पेपरात गेल्यापासून माझी सकाळ अशीच सुरू होते. हे तुला कधी कळवलं नव्हतं, कारण वाढदिवसाच्या दोन ओळींत ते कुठे बसवणार? आता सुनावायला कोणी नाही. तुझा फोन बंद लागतो, पाठवलेले मेसेज आहेत तिथेच पडलेत. आई परवा विचारत होती, तो ढांगा टाकत चालणारा कसा आहे गं? मी म्हटलं, मजेत आहे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भाजी निवडायला घेतली.

इकडचं सगळं तसंच आहे. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरत नाही तोच फोन सुरू. परवा पोहण्याच्या शर्यतीतल्या एका मुलीच्या आईनं माझी अख्खी सकाळ खाल्ली. फोटोत तिच्या लेकीची नुसती टोपी आलीय आणि चेहरा आलाय शेजारच्या मुलीचा. मी म्हटलं, अहो, पहिली ती शेजारचीच आली होती. तर म्हणे, असेल, पण फोटोत टोपी पुढे दिसतेय. बॅडमिंटनवाल्या एका बाबांना 'पराभव' खुपला, त्यांना 'निसटता पराभव' हवा होता. सामना अर्ध्या तासाच्या आत आटोपला होता, त्यात निसटायला जागाच नव्हती. एका आजोबांचं पत्र तर न चुकता येतं. त्यांचा नातू खेळत नाही, घरात कोणीच खेळत नाही, त्यांना फक्त आपल्या ऱ्हस्व-दीर्घाची अब्रू काढायची असते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्यानं केली त्यानं कधीतरी गावातल्या पेपरचं क्रीडा पान सांभाळलं असणार.

तुझी युक्ती मला अजून जमत नाही. समोरचा तावातावानं बोलत असला की तू रिसीव्हर खांद्यात धरून गप्प बसायचास. त्याची वाफ निघून गेली की म्हणायचास, मी दुसऱ्या मैदानावर होतो हो, तुम्ही होतात ना तिथे? सांगा की, कसा झाला सामना? की तो माणूस सामना सांगायला लागायचा, सांगता सांगता हसायचा, आणि शेवटी तक्रार कसली होती ते विसरून तुझेच आभार मानायचा. लोक भांडायला येत नाहीत, सांगायला येतात, त्यांचं घरी कोणी ऐकत नाही, असं तुझं म्हणणं. म्हणून तर ऑफिसनं तुझं नाव पंच ठेवलं. मी मात्र मध्येच उत्तर देते. माझ्या जिभेला हाड नाही, हे तुला नव्यानं सांगायला नको.

पण पंचांच्याही हातून चुका होतात. आठवतंय ना, परगावी गेलेला शाळेचा फुटबॉलचा संघ? बातमी तू लिहिलीस, मथळा तूच दिलास, आणि घाईत 'हरला'मध्ये एक 'व' जास्तीचा घुसला. सकाळी गाव उठून बघतं तर 'शाळेचा संघ परगावी हरवला'. फोनवर फोन. बस शेवटची कुठे दिसली, पोलिसांना कळवलं का, चालक कोण होता? एक आई तर म्हणाली, माझा मुलगा समोरच बसलाय, पोळी खातोय, पण पेपरात आलंय म्हणून विचारते. दुसऱ्या दिवशी तू गंभीर चेहऱ्यानं खुलासा छापलास, 'संघ हरवलेला नसून हरलेला आहे.' त्यावर मुख्याध्यापक स्वतः चालत आले. आमचा पराभव तुम्ही दोनदा छापलात, म्हणाले. मी टेबलाखाली पडलेलं पेन शोधायच्या निमित्तानं वाकले ती बराच वेळ वर आले नाही. तू मात्र त्यांना खुर्ची दिलीस, चहा मागवलास आणि विचारलंस, सर, सामना कसा झाला हो? इतकं हसू मला नंतर कधी आलं नाही. बहुतेक त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं, पण ते राहू दे.

आता खरी बातमी सांगते. नव्या संपादकांनी आल्या आल्या शेपटं छाटली. तुझं शेपूट रे, प्रत्येक बातमीच्या शेवटी तू लावायचास ते. ज्यांनी गोल केले, जे जिंकले, त्यांचं सगळं सांगून झालं की उरलेल्या सगळ्या पोरांची नावं आणि मग 'यांनीही चांगला खेळ केला'. बदली म्हणून उतरलेल्याचंसुद्धा नाव तू सोडायचा नाहीस. तेव्हाही एक वकील बाबा भांडायला आले होते, 'यांनीही' म्हणजे काय, तो 'ही' कशाला, माझा मुलगा काय तोंडी लावायला होता का? पण एकंदरीत त्या एका ओळीनं घराघरांत शांतता नांदत होती. संपादकांचं मत असं, की जे चांगले खेळले नाहीत त्यांना चांगले खेळले म्हणणं ही थाप आहे, आणि थापेला जागा घालवायची नाही. तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण तत्त्व त्यांचं आणि फोन माझ्या टेबलावर.

मग काय, नाकी नऊ आले. पोराचं नाव का नाही, पोरीचं नाव का नाही, ती खेळलीच नाही असं तिच्या मावशीला वाटलं. या गदारोळात एका माणसाचा फोन आला. आवाज सावकाश, एकेक शब्द निवडून बोलणारा. मुलींच्या हॉकीबद्दल विचारायचं होतं. मी मनात म्हटलं, आला आणखी एक, आणि कंबर कसली. तर तो म्हणाला, गोल कोणी केले ते नका सांगू, ते छापून आलंय. माझी मुलगी त्या संघात आहे. बचावाला असते, कधी उतरवतात, कधी नाही. ती तिच्या आईजवळ राहते, आणि मी इकडे लांब, बोटींच्या दुरुस्तीच्या कामावर. आमचं बोलणं नाही. फोन केलेला तिला आवडत नाही, आणि त्यात तिची चूक नाही. तुमचा पेपर इथे दोन दिवसांनी येतो. शेवटच्या ओळीत नाव आलं की मला कळायचं, उतरली होती. उतरली म्हणजे बरी आहे. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. आता तुम्ही ती ओळ बंद केलीत.

त्याला मी सामना कसा झाला असं विचारू शकत नव्हते, तो तिथे नव्हताच. पण मी होते. मुलीचं नाव विचारून घेतलं आणि मी सांगितलं. मध्यंतरानंतर तिला उतरवलं. एक मोजा घोट्यावर उतरलेला होता, तो तिनं शेवटपर्यंत वर ओढला नाही. स्वतःच्याच गोलरक्षकावर अशी ओरडली की खऱ्या पंचांनी वळून बघितलं. एकदा सपशेल आडवी पडली आणि कोणी हात द्यायच्या आत उठली. मग त्यानं विचारलं, केस लांब आहेत का अजून, की कापले? मी म्हटलं, कापलेत, कानापर्यंत. बरं, म्हणाला. छान दिसत असेल. आणि आभार मानून फोन ठेवला. माझ्या टेबलावर तुमचा शिळा अंक उघडा पडला होता. त्या माणसाचं मला जितकं कळलं, तितकं त्या ऑफिसात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं.

मी संपादकांना सांगितलं, उद्याचे फोन तुम्ही घ्या. सकाळी ते मोठ्या ऐटीत माझ्या खुर्चीवर बसले, बाह्या सरसावून. जेवायच्या सुट्टीपर्यंत कानाला रुमाल लावून बसायची पाळी आली. दुपारी शेपूट परत आलं, अक्षर जरा बारीक करून. पहिल्याच बातमीत त्या मुलीचं नाव मी दोनदा तपासलं.

तुझी खुर्ची सध्या पुन्हा रिकामी आहे. माणसं येतात, चार-सहा महिने टिकतात आणि कानाला खडा लावून जाहिरात विभागात जातात. तुझा शेवटचा दिवस मी पुष्कळदा आठवून बघते. सगळे केक कापायला जमले होते आणि नेमका धावण्याच्या शर्यतीतल्या एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. ठेवता येईना, फार चिडले होते. तू दारात पिशवी घेऊन उभा राहिलास, माझ्या हातातल्या रिसीव्हरकडे बोट दाखवलंस आणि खुणेनं म्हणालास, ऐकून घे. मी ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा जिन्यातल्या ढांगांचा आवाजही थांबला होता. मला तू फार आठवतोस रे. मैदानावर, गच्च भरलेल्या दिवशी, शेपटात एखादं नाव राहिलंय का ते बघताना, फार आठवतोस.

आठ दिवसांपूर्वी मी तुमच्या ऑफिसला फोन केला. उचलणाऱ्या बाईंचा आवाज माझ्यासारखाच होता, सकाळपासून पिचलेला. तुझं नाव घेतल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, आपण त्यांच्या कोण? इतकी वर्षं फोनवर लोकांना उत्तरं देणारी मी, आणि उत्तर काय दिलं? वाचक, असं म्हटलं. त्यांनी सुस्कारा टाकला. ते सध्या येत नाहीत, जास्त माहिती फोनवर देता येत नाही, म्हणाल्या, पण काही तक्रार असेल तर लेखी पाठवा, आम्ही त्यांच्यापर्यंत पोचवतो. तुझं नवं घर मला माहीत नाही, म्हणून पाकिटावर ऑफिसचा पत्ता आणि कोपऱ्यात 'वाचकांची तक्रार' असं लिहिलंय.

तर ही माझी तक्रार. तू आजारी आहेस की कोणाशी भांडून काम सोडलंस, हे मला कोणी सांगत नाही आणि मला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. जायच्या आदल्या दिवशी मैदानाच्या कट्ट्यावर तू म्हणाला होतास, तू पण चल. मी म्हटलं, मग इथलं पान कोण लावणार? तू हसलास, मीही हसले, आणि तू तो विषय परत काढशील म्हणून मी आजपर्यंत थांबले. पान आता कोणीही लावो. रजेचा अर्ज दिलाय. आईला काही सांगितलं नव्हतं, तरी तिनं माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली आहे. पत्ता तेवढा कळव. बरा असशील तर भांडायला येते, बरा नसशील तर राहायला.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची