ढगांतल्या गावचे आठ दिवस

प्रिय मंजुळा,

मी मानपाड्याला आहे. तुला वाटत असेल तसा लांब कुठे गेलेलो नाही. कापड रंगवणाऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कांदे चिरतो. आधी वागळे इस्टेटला प्रेस मशीनवर होतो, मग कल्याणला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचो, मधे आणखी दोन-तीन कामं केली, ती आता नीट आठवत पण नाहीत. कंपनीमागचा नाला रोज वेगळ्या रंगाचा असतो. काल जांभळा होता. बघून काही वाटत नाही. कांदे चिरताना डोळ्यांतून पाणी पण येत नाही हल्ली. आचारी म्हणतो, हा माणूस नाही, विळी आहे. असो, सांगायचं वेगळंच होतं.

परवा नाथाकाका गेटवर येऊन उभा राहिलेला. कसा शोधला मला, विचारायचं राहूनच गेलं. कँटीनमधला चहा त्याने बशीत ओतून प्यायला, मग दुसरा मागवून तोही प्यायला, तेव्हा मला वाटलं आईचं काहीतरी झालं. आईचं बरं आहे म्हणाला. मग तुझं सांगितलं. ते पुढे लिहितो. आधी त्या जपानी पिक्चरचं.

बाबाची होडी खाडीत एकटीच सापडली, त्याला महिना झालेला. तू नऊ वर्षांची. मी तेव्हा कोपरीत त्र्यंबकच्या व्हिडिओ लायब्ररीत कॅसेटी पोचवायचो. कुठल्या तरी खलाशाने बोटीवरून आणलेली ती कार्टूनची कॅसेट तशीच पडलेली, सगळी जपानी, म्हणून कोणी नेईना. तू घरात कोणाशी बोलत नव्हतीस. म्हटलं बघू. व्हीसीआर सायकलला बांधून आणला. तू दाराशी बसलीस, आईच्या मांडीला टेकून, आणि अख्ख्या आळीची पोरं पडवीत.

भाषेचा एक शब्द कोणाला कळेना, म्हणून मीच टीव्हीशेजारी उभा राहून गोष्ट सांगायला लागलो. ढगांचा समुद्र, त्यावर होड्या. एका पोरीचा बाप ढगांत जाळं टाकायला जातो तो येत नाही, आणि पोर पंखवाल्या माशावर बसून त्याला शोधायला निघते. माशाला मी जिताडा केलं. तिच्यासोबत एक म्हातारी खार होती, सारखी कमरेवर हात ठेवून वसवस करणारी, तिचं नाव मी जनाबाई ठेवलं. आपली जनाबाई नेमकी तेव्हाच मासळीची पाटी घेऊन दारात. मेल्या, मला शेपूट लावतोस काय, म्हणून तिने मला बोंबलाने मारलेलं. तू हसलीस. महिन्याभरात पहिल्यांदा. आईने माझ्याकडे बघितलं, ते मला अजून दिसतं.

मग शेवटाकडे कॅसेट अडकली. व्हीसीआरने टेप खाल्ली, असं मी सांगितलं. पोरांनी दंगा केला, आणि तू विचारलंस, तिचा बाबा आला का. मी म्हटलं, आला. ढगांत एक गाव आहे, तिथे तो वाट चुकून थांबलेला. तिथला एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष. आठ दिवसांनी तो येतो. आठ का, ते मला माहीत नाही. सात म्हणालो असतो, दहा म्हणालो असतो. तोंडात आठ आलं.

मला वाटलं तू विसरलीस. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकने कॅसेट बघून कानाखाली दिली आणि कामावरून काढलं. आठवड्याने मी घरातून निघालो, ते निघालोच. मधे दोनदा आलेलो, तुला आठवत असेल, दोन्ही वेळेला पित्रांचे दिवस होते. आजोबांचं पान वाढलेलं, बाबाचं नाही. आईच्या कपाळाला कुंकू. मी जेवून लगेच निघालो.

नाथाकाका म्हणाला, प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, हे भाऊबंद कधीपासून सांगतायत. आई तयार आहे. तूच अडवून धरलंस. का ते कोणालाच सांगितलं नाहीस, फक्त आठ वर्षं होऊ द्या म्हणालीस. यंदा नारळी पौर्णिमेनंतर बाबाला जाऊन आठ वर्षं भरली, तेव्हापासून तू रोज सकाळी बंदरावर जाऊन बसायचीस. शेवटी काकाने विचारलं तेव्हा ढगांतल्या गावाचं सांगितलंस, आणि म्हणालीस, "मोरूदादाला विचारा. त्याची मोजण्यात चूक झाली असेल."

हे ऐकून मी परत आत जाऊन कांदे चिरले. दहा किलो. काका बाहेर बसून राहिला.

मंजुळा, व्हीसीआरने टेप खाल्ली नव्हती. तो पिक्चर मी आदल्या दिवशी दुकानात एकट्याने पुरा बघितलेला. शेवटी ढगांवरून तिच्या बापाची टोपी तरंगत येते. नुसती टोपी. पोर रडत नाही. टोपी डोक्यात घालते, ती नाकापर्यंत येते, आणि ती वल्हं हातात घेते. तेवढाच शेवट. टोपी येणार म्हटल्यावर मी कॅसेट बाहेर काढली आणि अंगठ्याने टेप ओढून तोडली, तुम्हा सगळ्यांकडे पाठ करून. कारण बाबाची लाल टोपी तेव्हा माझ्या पेटीत होती. शोधाशोधीच्या चौथ्या दिवशी खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांत अडकलेली मला सापडली, मिठागराच्या बाजूला. आत आईने जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने घातलेले टाके होते, दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. मी ती शर्टाच्या आत घालून घरी आलो. आई दारात बसलेली, कपाळाला कुंकू. मी आत जाऊन ती पेटीत लपवली, सांगितलं कोणालाच नाही. त्या दिवशी नाही, मग कधीच नाही. आठ वर्षं ती टोपी घेऊन मी खोल्या बदलतोय. वागळेला असताना एकदा वाटलं टाकून द्यावी, नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो. तिला अजून चिखलाचा वास आहे. तुझं मोजणं बरोबर होतं, आकडाच माझा खोटा होता. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी मी येतो. आईला मीच सांगेन, तू तिच्याजवळ बस फक्त. काकाला दर्भ आणून ठेवायला सांगितलंय, अग्नी मी देईन. टोपी पुतळ्याच्या डोक्यावर ठेवायची की तुझ्या, ते तू ठरव.

तुझाच, सगळं उशिरा सांगणारा,
मोरूदादा