खोट नसलेलं झाड

४ ऑक्टोबर

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, चहाचं भांडं सापडलं तर गाळणी बेपत्ता, पण घर मला फार आवडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधून जाणारा लांबलचक बोळ. या बोळाचा सगळ्यात जास्त आनंद झालाय तो अण्णांना. माझे वडील जन्मभर बस चालवत आले. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी वळताना हात बाहेर काढायची सवय काही सुटली नाही. आज बोळातून स्वयंपाकघराकडे वळताना उजवा हात ऐटीत आडवा केला, तळवा उघडा. मी मागून तोंडाने हॉर्न वाजवला, तर मागे न बघता म्हणाले की घाई असेल तर पायी जा.

आई गेल्यापासून आम्ही दोघंच. एकमेकांना टोमणे मारायला तेवढी माणसं पुरतात.

उद्यापासून नवी नोकरी. मोठमोठ्या भिंतींवर लावायच्या कागदांसाठी झाडं, वेली, झुडपं काढायची, तीही कॉम्प्युटरवर. अण्णांच्या मते मातीपाण्याशिवाय बागकाम करणं ही शुद्ध लबाडी आहे. पण लेक करतेय म्हटल्यावर त्यांनी शेजारणीला लगेच सांगूनही टाकलं की आमची मुलगी जंगलं उभी करते.

६ ऑक्टोबर

आमची कचेरी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खालचं यंत्र सुरू झालं की आमच्या टेबलांवरचे पेनांचे डबे थरथरतात. इथल्या प्रमुखांना सगळे माळीणबाई म्हणतात, अगदी त्यांच्या तोंडावर. बारीक अंगाच्या, चष्मा कायम कपाळावर, बोलणं मोजकं.

काम ऐकायला सोपं आहे. आधी एक छोटा आकार काढायचा. समजा एक काडी आणि तिला दोन फाटे. त्याला इथे बी म्हणतात. मग त्या आकाराची कॉपी करायची, जरा लहान करायची, थोडी फिरवायची आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला बसवायची. आता जे झालं त्या सगळ्याची पुन्हा कॉपी, पुन्हा लहान, पुन्हा टोकांवर. असं करत गेलं की बघता बघता काडीचं झुडूप होतं. नेच्याचं पान जवळून पाहिलं तर त्याची प्रत्येक पाती म्हणजे एक छोटा नेचाच असतो, तसंच हे. फ्रॅक्टल हा शब्द मी कॉलेजात घोकला होता. तो समजला आज.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. झाड पुरं झालं की सेव्ह करण्याआधी त्यात एक खोट घालायची, असा इथला नियम आहे. एखादी डहाळी मोडायची, एखादं पान किडीने खाल्ल्यासारखं कुरतडायचं. आणि ज्याने झाड काढलं त्यानेच हे करायचं, दुसऱ्याने नाही. मला वाटलं, खरं झाड इतकं नीटनेटकं नसतं, म्हणून असेल. माळीणबाईंनीही तेच कारण सांगितलं. पण मग चष्मा डोळ्यांवर घेऊन एवढं जोडलं की खोट नसलेल्या झाडाला थांबायचं कुठे ते कळत नाही. प्रत्येक कचेरीत एकेक खूळ असतंच.

११ ऑक्टोबर

मोठं काम माझ्याकडे आलं! एका दवाखान्याच्या दर्शनी दालनाची अख्खी भिंत. तिथे ताटकळत बसणाऱ्या माणसांना बरं वाटेल असं एक झाड हवंय. दोन दिवस मी बी शोधत होते. जे काढावं ते आधी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटे.

आज संध्याकाळी चहाला अण्णा बोकडाची गोष्ट सांगत होते. त्यांच्या बसमध्ये एक बोकड एकटाच चढला, शहाण्यासारखा उभा राहिला आणि बरोबर बाजाराच्या थांब्यावर उतरला, ही ती गोष्ट. दर खेपेला तिला नवा मीठमसाला लागतो. आज त्या बोकडाने उतरताना मागे वळून अण्णांचे आभारही मानले. सांगता सांगता त्यांनी हात टेबलावर उताणा ठेवला आणि खिडकीतलं ऊन तळव्यावर तिरपं पडलं. मनगटापाशी जाड खोड, तिथून वर फुटलेल्या रेषा, त्या रेषांना बारीक फाटे. जन्मभर स्टिअरिंग धरून खोल झालेल्या रेषा त्या. मी म्हटलं, हलू नका, आणि फोटो काढला. भविष्य बघतेस का म्हणाले. मी हो म्हटलं. मग स्वतःच तळवा निरखून त्यांनी सांगितलं की आज मुलगी भांडी घासणार असं स्पष्ट दिसतंय.

१४ ऑक्टोबर

झाड झालं. असं काम माझ्या हातून आधी कधीच झालं नव्हतं. तळव्याच्या रेषा आणि पाच बोटं एवढंच बी घेतलं. प्रत्येक बोटाच्या टोकाला तोच हात लहान करून बसवला, त्याच्या बोटांना त्याहून लहान, असे आठ थर. लांबून पाहिलं तर डेरेदार जुनं झाड. हात आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, पण त्याच्यासमोर उभं राहिलं की कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं.

मग खोट घालायची वेळ आली. करंगळीची एक फांदी खोडायचं ठरवून मी खोडरबर तिच्यावर नेलं आणि हात पुढे जाईना. बापाच्या हाताचं बोट मोडायचं? चित्रातलं असलं म्हणून काय झालं! इतर कुणाच्याही झाडात मी दहा फांद्या मोडल्या असत्या. यात नाही मोडली. माळीणबाईंना सांगितलं की खोट वर पालवीत आहे, सहज दिसायची नाही. त्यांनी मान हलवली आणि फाइल खाली छापायला गेली.

१९ ऑक्टोबर

आज अण्णांना घेऊन भिंत बघायला गेले. जमिनीपासून छतापर्यंत त्यांचा हात. आधी त्यांनी मान वर करून छतापर्यंत पाहिलं. मग जवळ जाऊन त्यांनी आपला तळवा त्यातल्या एका लहान हातावर टेकवला. बरोबर बसला. दाराशी बसलेल्या रखवालदाराला सांगून आले की हा माझा हात आहे. मला रडू आलं, आनंदाचं.

परतताना त्यांना थकवा आला. घरी आल्यावर त्यांनी बोकडाची गोष्ट सांगितली, पण आज त्यात नवं काहीच नव्हतं. चहा संपल्यावर ती पुन्हा सांगितली. तीच. खोकला आला तोसुद्धा त्याच जागी.

२३ ऑक्टोबर

सकाळी छापखानेवाला जिना चढून वर आला. गोरागोमटा, कायम शाईने माखलेला माणूस, एरवी कुणाशी बोलत नाही. दवाखान्यातून तक्रार होती की कागदावरच्या टोकांना आणखी बारीक फांद्या दिसतायत, आधी नव्हत्या. त्याने शिल्लक नमुना ताडून पाहिला. त्याच्यातही होत्या. मी मागाहून फाइल बदलली का, असं तो विचारत होता.

तो गेल्यावर मी फाइल उघडली. मी आठच थर केले होते. आठव्या हाताच्या टोकावर झूम केलं, तर तिथे नववा होता. त्याच्या टोकावर दहावा. मी झूम करत गेले. प्रत्येक हात मागच्यासारखाच, फक्त लहान आणि थोडा फिका. कुठे संपतं ते दिसलं नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तसंच.

घरी आले तर अण्णा खिडकीशी उभे, तोंड उजेडाकडे. हाक मारल्यावर वळले. वळताना हात काढला, पण कोपरापासूनच.

२६ ऑक्टोबर

बोकडाची गोष्ट अर्धीच सांगतात. चढला, उभा राहिला, उतरला. हसण्याची जागा आली की हसतात, तेही अर्धंच. मी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, वयाकडे बोट दाखवून मोकळे झाले. वय! तीन आठवड्यांपूर्वी हा माणूस खोकी उचलून जिना चढला होता.

वळताना आता फक्त मनगट हलतं.

मी वाट वाकडी करून त्या दवाखान्यातली भिंत पाहून आले. फांद्या दाराच्या चौकटीपाशी पोचल्यात. कागद तिथवर नव्हताच.

२८ ऑक्टोबर

माळीणबाईंना सगळं सांगितलं. खोट घातली नव्हती, हेही. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या खुर्चीत खाली बसल्या आणि बी कुणाच्या हाताचं हे विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

त्या म्हणाल्या की झाड मुळातूनच घेत राहतं. प्रत्येक कॉपीबरोबर मूळही तेवढंच लहान होतं, आणि झाड थांबेपर्यंत हे चालू राहतं. थांबवायचं तर खोट आता बीमध्येच घालायला हवी, पहिल्या हातात, आणि मीच. पण एवढ्या उशिरा घातलेली खोट चित्रात राहत नाही. मूळ वाचतं, त्याला फुटलेलं काहीतरी जातं. मी विचारलं, म्हणजे बोट? त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. एवढंच म्हणाल्या की घरी जा आणि आज वडिलांजवळ बस.

३० ऑक्टोबर

अण्णा जेवले नाहीत. घास हातात धरून खिडकीशी उभे. मी भरवला तर तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, थोडं कमी, मिटलं.

गोष्ट सांगा म्हटलं. म्हणाले, बोकड.

पुन्हा म्हटलं. ओठ हलले.

वळत नाहीत आता. तर्जनी थरथरते, बस तेवढंच. अंग हलकं लागतं हाताला, इतकं की उचलून बिछान्यावर ठेवलं. माझे अण्णा. मी उचलले.

एक बोट. एका बोटाने भागत असेल तर— जाऊ दे बोट. मीच भरवीन जन्मभर.

१ नोव्हेंबर

केलं.

सकाळीच गेले, कुणी यायच्या आत. पहिला हात उघडला. करंगळी खोडली. मुळापासून. हुंदके येत होते, तरी खोडत गेले. सगळ्या झाडभर, प्रत्येक हातावर, एकेक थोटूक उमटलं. झूम केलं. आठव्यानंतर काही नाही. कोरं.

धावत घरी आले. अण्णा टेबलाशी बसून जेवत होते! चांगले दोन हातांनी भाकरी मोडत! मी बोटं पाहिली. पाचही आहेत. पुन्हा पाहिली. पाचही. समोर शेजारीण बसलेली, तिला बोकडाची गोष्ट चाललेली, आणि आज बोकडाने सुट्टे पैसे नाहीत म्हणून वाहकाशी वादही घातला. मी दारातच हसले, रडले, सगळं एकदम.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रंगात आले होते गोष्टीच्या, म्हणून असेल.

संध्याकाळी

चहा केला त्यांनी. एकच कप.

शेजारणीने जाताना विचारलं, मुलंबाळं? ते म्हणाले, नाही झाली. सहज म्हणाले. मी तिथेच होते, त्यांच्या कोपराशी.

२ नोव्हेंबर

मला वाटलं होतं बोट जाईल. बोट कसं जाईल? अण्णांना फुटलेली फांदी मीच ना.

बाही धरली त्यांची. कोळिष्टक झटकावं तशी झटकली.

कचेरीत माझ्या टेबलावर कागदाच्या गुंडाळ्या रचल्यात. माळीणबाईंनी मान वर केली, मी उभी होते तिथे बघितलं, मग चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. कशाने आलं ते त्यांनाच कळलं नसावं.

३ नोव्हेंबर

राग येत नाही असं लिहायला हवं. येतोय. भीतीही वाटते, फार. पण काल रात्री ते नीट जेवले. झोपेत घोरत होते. पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन— करीन, असं वाटतं—

अक्षर फिकं येतंय. पेन दाबून पाहिलं.

ते घर आवरतायत. गाणं गुणगुणत. माझे कपडे खोक्यात भरले, कुणाचे असतील म्हणून स्वतःशीच हसले. आता या खोलीत आलेत. इकडे बघतायत. अण्णा—

नाही. खुर्चीकडे बघतायत. इथे उगाच अडून पडलीय, म्हणाले. खिडकीशी बरी.

पाठ धरली खुर्चीची. ओढतायत. अण्णा, थांबा, मी बसले आहे, अण्णा मी ब