साळवेकाकांचा खिसा

शनिवार, जानेवारी. संध्याकाळ.

वक्तेहो, आपलं सगळ्यांचं रडगाणं एकच: लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. या वेळी एकाने खरंच ऐकलं, तर माझाच जीव थाऱ्यावर नाही.

सुरगाण्याच्या वसतिगृहातल्या मुली या थंडीतही गार पाण्याने अंघोळ करतात. त्यांच्या सोलर हीटरसाठी उद्या सकाळी डोंगरातल्या तळ्यात बुडी मारायची, प्रत्येक बुडीमागे देणगी. आमच्या कॉलनीच्या सभेत मीच गरजले होते, "काठावर उभे राहणारे नकोत!"

आज शेजारचे साळवेकाका नवा टॉवेल दाखवायला आले. हृदयाचा त्रास, जिभेखाली ठेवायची गोळी कायम शर्टाच्या खिशात.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यांना कशाला? तुम्ही बोललात ना ताई, झालं!"

सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "घरात पाणी जरा कोमट लागलं तर ओरडतात, अन् निघाले तळ्यात!"

सगळे हसले. मीही हसले. का? ते मागे हटले तर निम्मी कॉलनी हटेल, म्हणून?

पण शर्ट काठावर राहील. म्हणजे खिसाही. गोळीही.

भाषणं पुरे. आत्ता फोन उचल आणि सांग: काका, उद्या तुम्ही काठावरच उभे राहा.