बुडालेल्या गावाचे हक्क

पिपलानी, भोपाळ
१९ जानेवारी २०२५

प्रिय जुई,

बंगळूरला थंडी नसेलच. इथे दहा वाजेपर्यंत उजाडल्यासारखं वाटत नाही. काल बाजारात काकू भेटल्या. "आमची जुई दिवाळीलाही आली नाही," म्हणाल्या आणि एकदम विचारलं, "दोघींचं काही बिनसलंय का गं?" मी म्हटलं, "नाही हो काकू, कामं असतात."

समीरही गेल्या महिन्यात स्टुडिओ सोडून इंदूरला नोकरीला लागला. आपल्या स्टुडिओत आता मी एकटीच. दुपारी गेममधल्या पात्रांचे आवाज लावून ठेवते. कुणीतरी बोलत राहावं म्हणून.

तुमच्या कंपनीचा फोन आला होता. त्यांच्या कन्सोलसाठी बाहेरच्या छोट्या स्टुडिओंकडून गेम घेणं ते बंद करताहेत. यापुढे सगळं कंपनीच्याच स्टुडिओत. आपला बुडालेल्या गावाचा गेम तेवढा हवाय, पण हक्कांसकट. पुरा तुमच्या टीमनं करायचा. तू प्रमुख.

"आणि मी?"

"तुमचं नाव राहील ना मॅडम, आभारात."

जुई, इथवर लिहून दोनदा चहा केला.

तीन वर्षांपूर्वी ते आपला स्टुडिओच विकत घेणार होते, दोघींना तिकडे नेणार होते. तू विचार करायला आठवडा मागितलास. नंतर मी तुला सांगितलं, त्यांनी माघार घेतली. ते खोटं होतं. तुला न विचारता मीच दोघींच्या वतीनं नकार कळवला होता. स्वतंत्र राहायचं, आपला गेम आपला, असं मी तेव्हा खूप बोलायचे. खरं एवढंच की तिथे सगळ्यांना कळलं असतं, गेम तुझ्या डोक्यातून येतो, मी नुसते रंग भरते.

मग तू एकटीनं अर्ज केलास, शिकाऊ म्हणून लागलीस. हबीबगंज स्टेशनवर गाडीत चढताना विचारलंस, "शर्वरी, आपण कमी पडलो का गं?" मी तुझी बॅग वर ठेवत राहिले.

परवा सही करून कागद पाठवले. एकच अट घातली, गेम सुरू होताना तुझं एकटीचं नाव यावं. ती त्यांनी मानली. यानं काही फिटत नाही, मला ठाऊक आहे. तो नकाराचा मेल छापून सोबत ठेवलाय.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. नाही चालणार. शिव्या दे, पण लिही.

तुझी भागीदार म्हणवून घ्यायची हिंमत नाही, म्हणून नुसतीच
शर्वरी