रेणू उंबरठ्याशी

५ जुलै २०२४, अड्याळ

सुटले एकदाची! नागपूरच्या दवाखान्यात तीन दिवस कोंडून ठेवलं होतं. थायरॉइडचा कॅन्सर मणक्यात उतरलाय, त्यासाठी किरणं सोडणारी आयोडीनची गोळी दिली. गोळी एवढीशी, पण डॉक्टरीणबाईंनी ती शिशाच्या डबीतून काढून लांबूनच दिली. तीस वर्षं अंगणवाडीत लेकरांना डोस पाजले, पण असा थाट कोणाचा केला नाही.

हेमराजने नियमांचा कागद वाचून दाखवला — आठ दिवस वेगळी खोली, वेगळं ताट, सगळ्यांपासून सहा फूट. मग फाइल कपाटावर ठेवली. भारी शिस्तीचा झालाय माझा लेक!

७ जुलै

शेजारच्या मंदाबाईने खिडकीतून विचारलं, अंधारात चमकतेस का? म्हटलं, लाइट गेली की येऊन पाहा.

९ जुलै

पाठीच्या पट्ट्यामुळे हात वर जात नाहीत. रोज सूनच वेणी घालायची. रेणूचा हात इतका हलका, की मला झोप लागायची. आता केसांचा नुसता पाखराचा खोपा झालाय.

१३ जुलै

आठ दिवस सरले! रेणूला हाक मारली, फणी आण. ती उंबरठ्याशीच थांबली. आज नको म्हणाली, फणी सासऱ्यांच्या हातात दिली आणि गेली.

मग काय, चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कृष्णरावांनी माझी वेणी घातली! म्हणाले, "तुया केसायपेक्षा म्हशीची शेपटी विंचरनं सोपं." हसताना पाठीत कळ आली, तरी हसले.

१५ जुलै

आजही उंबरठ्याशीच. ताट ठेवते, खाली बघते, जाते. शेतात, बांधीत धानाची रोवणी चाललीय, तिथेही जात नाही, म्हणजे कामाची घाई नाही. हा रोग लागट नाही, हे शिकलेल्या पोरीला कळू नये? फार लागलं मनाला. डॉक्टर म्हणतात, गोळी लागू पडली तर बरीच वर्षं काढाल. ती अशी लांबूनच काढायची का?

१६ जुलै

कृष्णरावांकडून फाइल काढवली. कागद स्वतः वाचला. शेवटची ओळ हेमराजने गाळली होती — गरोदर बाईने चार आठवडे जवळ येऊ नये.

गावभरच्या गरोदर बाया तीस वर्षं रजिस्टरात लिहिल्या, घरातली दिसली नाही!

मग आठवलं. गेल्या वर्षी रेणूला दिवस गेले. मी हौसेने गावभर पेढे वाटले, आणि दुसऱ्याच महिन्यात सगळं गेलं. ती लोकांच्या प्रश्नांना तोंड देऊन थकली होती. तेव्हा मीच तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, "पुढच्या बारीले तीन महिने होतपर्यंत कोनालेच सांगू नोको. मलेही नाही."

१८ जुलै

आज रेणू रडवेली होऊन फणी घेऊन आत यायला निघाली. मीच ओरडले, "तिथंच थांब, पोरी! महिना होतपर्यंत पाय टाकू नोको आत." ती उंबरठ्यावरच बसली. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. कृष्णरावांना हाक मारली — या, वेणी घाला.