आई आज काय नेसली

१ मार्च, शुक्रवार

दिल्या दुकानाच्या किल्ल्या! बिरागोच्या हातात. रडली ती धाकटी बहीणच, मी नाही. बावीस वर्षं केजेतियाच्या बाजारात कापड विकलं — पुरे झालं. आता कादंबरी. एक वर्ष बसून खाता येईल एवढं गाठीला आहे.

आई गठ्ठ्यांमागे बसून होती. म्हणाली, "शाळा कधीच संपली ना तुझी? मग आता पुस्तकं कशाला?"

म्हटलं, वाचायची नाहीत, लिहायचीत.

"म्हणजे मला जे जन्मात वाचता येणार नाही, त्याच्यासाठी मला सोडून चाललीस." आणि तोंड फिरवलं. शेवटी बिरागोनं मला दाराबाहेर काढलं.

३ मार्च, रविवार

चर्चला जाताना आई माझ्या दारावरून गेली. हाक नाही, नजर नाही. नेसली होती 'मी बोलले होते' — लाल कापड, त्यावर काळे कान! त्या कापडाला ते नाव मीच दिलेलं. सवतीसवतींना अबोल्यात नेसून एकमेकींना टोमणे मारायला म्हणून आम्ही ते ढिगानं विकलं, आता आमच्याच घरात कामाला आलं.

हसूही आलं, रडूही.

२२ मार्च

दोन पानं लिहिली. फाडली.

२५ मार्च

कापडाला नाव द्यायला मला पाच मिनिटं लागायची. नाव नसलं की गठ्ठा पडून राहायचा, नाव मिळालं की दुपारपर्यंत फस्त. आई म्हणायची, "माल मी आणते, पण त्याला तोंड माझी दुफी देते." इथं तीनशे पानं हवीत, आणि समोर गिऱ्हाईक नाही. कुणाला बोलून दाखवू?

१४ एप्रिल, रविवार

'पाहुणी जेवून गेली.' हिरवं, पालथ्या ताटांचं. इस्त्री करून, कडक! दारासमोर आल्यावर पदर जरा जास्तच झटकला म्हातारीनं.

मी पडद्याआडून पाहत होते. दर रविवारी पाहते. ती गेल्यावर तासभर काही सुचत नाही.

६ जून

आज जमलं! मनातून सगळं काढून टाकलं आणि सरळ आईचं लिहायला घेतलं — बारा वर्षांची पोर, डोक्यावर पितळी घमेलं, त्यात दुसऱ्याचं कापड, पाय भाजताहेत, आणि हाक इतकी गोड की लोक वळून बघतात. नऊ पानं. दुपारच्या जेवणाचं केंके झाकलेलंच राहिलं, मासळीवर मुंग्या.

बिरागोचा फोन आला होता. दुकानाचं काही सांगायला लागली, तर म्हटलं, तो विषय माझ्यासमोर काढायचा नाही. मला पुन्हा तिकडे ओढू नकोस. बिचारी "बरं ताई" म्हणाली.

४ ऑगस्ट, रविवार

आई नवीनच काहीतरी नेसली. पांढरं, निळ्या आडव्या पट्ट्या, काठाला एक लाल. हे मी गेल्यानंतर आलेलं. नाव ठाऊक नाही!

बाजारात जाऊन विचारलं, तर बायका पोट धरून हसतील — कापडांना नावं देणारी दुफी आता नाव विचारत हिंडतेय! आणि बिरागोला तर मीच गप्प केलंय.

कुंपण दिसतंय. म्हणजे 'माझ्या अंगणात पाऊल टाकू नकोस' किंवा असंच काहीतरी.

११ ऑगस्ट, रविवार

पुन्हा तेच.

१८ ऑगस्ट, रविवार

तिसऱ्यांदा! आणि आज दारासमोर थांबली. चक्क थांबली, खिडकीकडे पाहिलं. बाण लागला का ते बघायला, दुसरं काय. मी पडद्याआडून हलले नाही.

पाच महिने ऐकून घेतलं. मीही तिचीच मुलगी आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

पेटीच्या तळातून 'तुझं तुझ्यापाशी' काढलं. चर्चमध्ये मुद्दाम पुढच्या रांगेत बसले, प्रार्थनेला उठले तेव्हा सावकाश वळले. आईनं पाहिलं. तिच्या हातातला पंखा थांबला. अंगावर तेच पट्ट्यांचं कापड.

कशी जिरली! असं वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं.

१ सप्टेंबर, रविवार

आली नाही. या रस्त्यानं आलीच नाही.

८ सप्टेंबर, रविवार

आजही नाही. शेजारीण म्हणाली, मागच्या गल्लीतून गेली, चिखलातून. गुडघा दुखतो तिचा.

टोमणे मारायची तेव्हा निदान येत तरी होती! पडद्यामागे उभी राहून पाय दुखले माझे. एक ओळ लिहिली नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

दुपारी बिरागो आली, पदराखाली पुडकं. सहा वार — तेच, निळ्या पट्ट्यांचं. "आईनं तुझ्यासाठी बाजूला काढलं होतं, पहिल्याच गठ्ठ्यातलं. म्हणायची, नाव कळलं की येईल मागायला. परवापासून म्हणतेय, विकून टाक. मी चोरून आणलंय."

विचारलं, "नाव काय याचं?"

"तुला माहीत नाही?" ती बघतच राहिली. "ताई, अगं आईनंच दिलं. जन्मात पहिल्यांदा. 'लेकीची वही'. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, माझी थोरली लिहायला बसलीय. दुकानात उरतच नाही ते कापड!"

निळ्या ओळी, काठाला लाल. ज्या पानावर हे लिहितेय तेच पान.

आणि मी तिला काय नेसून दाखवलं!

उद्या पहाटे केजेतियाला. शिवायला वेळ नाही, तसंच गुंडाळून जाते. तिथं आईसमोर उभी राहून गिऱ्हाइकासारखं विचारेन, मावशी, हे कोणतं कापड? नाव तिच्या तोंडून ऐकायचंय.